उणे पन्नासमध्ये झाड फुटत का नाही?

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात थंडीची लाट आली की 'झाडांचे स्फोट' दाखवणाऱ्या चित्रफिती फिरू लागतात. सोबतचं स्पष्टीकरण ठरलेलं: पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, खोडातला रस गोठतो, झाड फुटतं. शाळेत शिकलेलीच गोष्ट, त्यामुळे चटकन पटते. पण असं होत असतं तर अलास्कापासून सैबेरियापर्यंत पसरलेलं तैगाचं, म्हणजे उत्तरेच्या थंड पट्ट्यातलं, जंगल एका हिवाळ्यात संपलं असतं. सैबेरियातल्या वेर्खोयान्स्कला १८९२ साली उणे ६७.८ अंश सेल्सिअसची नोंद झाली, आणि त्या मुलखात लार्चची जंगलं आजही उभी आहेत.

आवाज मात्र खरा असतो. पारा काही तासांत झपाट्यानं उतरला की खोडाचा बाहेरचा थर आतल्या लाकडाच्या आधी थंड होऊन आकसतो. पेशीभित्तिकांत मुरलेलं पाणीही बाहेर निघून गोठतं, म्हणजे लाकूड वाळल्यासारखं आणखी आकसतं. ते त्रिज्येपेक्षा घेराच्या दिशेनं जास्त आकसत असल्यानं खोडाला उभी चीर जाते, तीही बहुधा जुन्या जखमेच्या जागी. बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. झाडाच्या चिंधड्या उडत नाहीत. उन्हाळ्यात चीर मिटते, पुढच्या थंडीत पुन्हा उघडते. थोडक्यात, तडा जातो तो फुगण्यानं नव्हे, आकसण्यानं.

मग जिवंत पेशींतल्या पाण्याचं काय होतं? कोथिंबिरीची जुडी रात्रभर फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, ठेवून पाहा. बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात ती काळपट, लिबलिबीत होते आणि ताटलीत हिरवट पाणी साचतं. पेशीपटलं निकामी झाली, आतलं सगळं बाहेर आलं. स्प्रूसची सुईसारखी पानं जानेवारीत याहून ३० अंश खाली जातात आणि वसंतात पुन्हा अन्न तयार करू लागतात.

याचं श्रेय बरेचदा साखरेला दिलं जातं: गाडीत कूलंट, तशी झाडात साखर. हिशेब करून पाहू. एक किलो पाण्यात एक मोल साखर, म्हणजे ३४२ ग्रॅम, विरघळवली तर गोठणबिंदू उतरतो जेमतेम १.८६ अंशांनी. याच दरानं उणे ४० गाठायचं तर एक किलो पाण्याला सात किलोंहून जास्त साखर लागेल. असा रस कुठल्याही झाडात नसतो. झाड बर्फ टाळत नाही. तो कुठं व्हावा, ते ठरवतं.

पेशींच्या मधल्या फटींतलं पाणी जवळपास निर्मळ असतं, म्हणून बर्फ तिथं आधी धरतो. आता पेशीच्या आत द्रव आहे आणि बाहेर बर्फ. शून्याखाली त्याच तापमानाच्या द्रव पाण्यापेक्षा बर्फाचा बाष्पदाब कमी असतो, त्यामुळे पाणी पेशीतून बाहेर, बर्फाकडे ओढलं जातं. ही ओढ अंशामागं साधारण १.२ मेगापास्कल, म्हणजे उणे १० ला सुमारे १२० वातावरणांएवढी! पेशीतला रस सुरुवातीला किलोभर पाण्यात एक मोल इतका असेल, तर उणे १० ला तो ५.४ मोल इतका घट्ट होईपर्यंत पाणी जात राहतं. आत उरतं ते पाचव्या हिश्शाहून कमी. पेशी मनुक्यासारखी सुरकुतते. थंडीचा मुकाबला म्हणजे खरं तर कोरडं पडून जगण्याची कसोटी. साखरेचं काम इथं येतं: ती आणि डिहायड्रिन नावाची प्रथिनं जवळजवळ आलेल्या पटलांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. आणखी थंडी पडली की उरलेला घट्ट रस काचेसारखा थिजतो. त्यात बर्फाचे स्फटिक वाढूच शकत नाहीत.

होक्काइडो विद्यापीठातल्या अकिरा साकाई यांनी १९६० साली हे दाखवून दिलं. हिवाळ्यातल्या विलो आणि पॉप्लरच्या डहाळ्या त्यांनी आधी सावकाश उणे ३० पर्यंत नेल्या आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्या. त्या जगल्या. मधली पायरी गाळून डहाळी थेट बुडवली तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, बर्फ पेशीच्या आत होतो आणि पेशी मरते.

सगळ्या झाडांना ही युक्ती साधत नाही. ओक आणि मेपलच्या लाकडातल्या जिवंत पेशींतून पाणी सहजी बाहेर पडत नाही. ते आतच, न गोठता, अतिशीत द्रव म्हणून राहतं. बर्फ धरायला सुरुवात व्हावी असा एखादा कण नसेल तर पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास आपोआप गोठतात. विरघळलेल्या द्रव्यांमुळे ही मर्यादा थोडी आणखी खाली जाते. त्यापुढं सगळं एका क्षणात गोठतं. अशा बऱ्याच वृक्षांची उत्तर सीमा, हिवाळ्यात पारा जिथं उणे ४० पर्यंत उतरतो त्या रेषेजवळ संपते, ती यामुळेच. ही रेषा काटेकोर नाही. बर्च, अ‍ॅस्पेन आणि विलो तिच्या पलीकडे आरामात वाढतात.

ही तयारी बारमाही नसते. ऑगस्टपासून रात्री लांबू लागल्या की पानांतलं फायटोक्रोम हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य ते ओळखतं, वाढ थांबते, कळ्या मिटतात. ही पहिली पायरी. दुसरी पायरी प्रत्यक्ष गारठ्यानं, मुख्यतः शून्याखालच्या रात्रींनी पूर्ण होते. म्हणूनच दक्षिणेकडचं बी उत्तरेत लावलं की रोपं फसतात: त्यांना थांबायची खूण उशिरा मिळते आणि कोवळा शेंडा पहिल्याच गारठ्यात जळतो. उत्तरेचं बी दक्षिणेत आणलं तर रोपं ऐन उन्हाळ्यात वाढ थांबवून खुरटी राहतात.

कवच उतरतं मात्र झपाट्यानं. मार्चमध्ये काही दिवस ऊब मिळाली तरी पेशी पाणी परत घेतात, साखर खर्ची पडते आणि सहनशक्ती घसरते. ती पुन्हा कमवायला जास्त वेळ लागतो, आणि एकदा कळी उमलली की तो मार्गच बंद होतो. जानेवारीत उणे ५० सोसलेल्या स्प्रूसचे मऊ, पोपटी शेंडे मे महिन्यात उणे ४-५ अंशांच्या एका रात्रीत माना टाकतात आणि काही दिवसांत तपकिरी होऊन वाळतात.