कूलरसमोरही पूर्ण बाह्या

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात बाहेर पडताना मुली स्कार्फ, हातमोजे घालतात, त्यात नवल नाही. पण पंधरा वर्षांचं पोर घरात कूलरसमोर बसूनही पूर्ण बाह्यांचा शर्ट काढत नसेल, तर जरा थांबून बघावं. अंगावरच्या जखमा लपवायची ती धडपड असू शकते.

मरायचा हेतू नसताना मुलं स्वतःला मुद्दाम इजा करतात, हे अनेक पालकांना पटत नाही. पण जगभरातल्या अभ्यासांच्या एकत्रित अंदाजानुसार किशोरवयातली सुमारे १७ टक्के मुलं कधी ना कधी हे करतात. सुरुवात बहुधा १२ ते १४ या वयात होते. ‘नाटकं करतंय’ असं आपण चटकन म्हणतो. लक्ष वेधण्यासाठीच करायचं असतं, तर एवढं लपवलं कशाला असतं?

या वयात भावना उसळवणारे मेंदूचे भाग जोरात असतात. त्यांना आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. मनातली घालमेल असह्य झाली, की शरीराच्या वेदनेने ती थोडा वेळ उतरते. मेंदू तो उतार लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वाट धरतो. मागून येते शरम, लपवाछपवी, एकटेपणा. नैराश्य त्यावरच पोसतं. म्हणजे नैराश्यातून इजा आणि इजेतून आणखी नैराश्य, असं दोन्ही बाजूंनी चालतं. इजा करणारं प्रत्येक मूल नैराश्यातच असतं असं नाही. छळ, अत्याचार, चिंता हीही कारणं असतात. मात्र पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही.

मुलांचं नैराश्य ओळखणं अवघड, कारण ते रडण्यापेक्षा चिडचिडीत जास्त दिसतं. दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास, मित्र सगळंच बिघडलं असेल, तर ‘दहावीचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये.

मारू नका, ‘माझ्या गळ्याची शपथ घे’ म्हणू नका. जखमेवर आधी औषध लावा, मग शांतपणे ‘काय व्हयनं?’ विचारा. मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनातून दिसलं आहे. उत्तर ‘हो’ आलं, तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

उपचार आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बोलण्यातून, सरावातून चालणारी उपचारपद्धती भावनांची लाट इजा न करता सोसायला शिकवते. किशोरांवरच्या चाचण्यांत तिचा उपयोग दिसला आहे. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करत होतो, हे लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. आणि रात्री दोन वाजताही ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, मुलाला आणि पालकांनाही.