आरएम फाईल पुसत नाही

आरएम (rm) ही युनिक्स-लिनक्समधली फाईल काढण्याची कमांड. ‘आरएमने फाईल डिलीट करा’ असं कुणी लिहिलं, की कुणीतरी हमखास टोकतं: ‘डिलीट नव्हे, अनलिंक.’ असले वाद बहुतेक वेळा निव्वळ शब्दच्छल असतात. हा मात्र नाही.

युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासून या कामाच्या सिस्टीम कॉलचं (ऑपरेटिंग सिस्टीमला काम सांगण्याच्या हाकेचं) नाव अनलिंक, म्हणजे ‘दुवा तोडा’, हेच आहे, कारण फाईलचं नाव फाईलमध्ये नसतंच. फाईल म्हणजे आयनोड, एक क्रमांक असलेली नोंद: मालक, परवानग्या, आकार आणि डेटा डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांत (तुकड्यांत) आहे ते. नावं राहतात डिरेक्टरीत, आयनोडच्या क्रमांकासमोर. एलएन कमांडने एकाच आयनोडला दुसरं नाव द्या आणि फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस -एलआय’ चालवा. दोन्ही नावांपुढे एकच क्रमांक दिसेल, आणि परवानग्यांनंतरच्या रकान्यात २. हा लिंक काउंट, म्हणजे नावांची संख्या. आता एक नाव आरएमने काढा: काउंट १ होतो, डेटाला धक्का नाही. सातबाऱ्यावरचं एक नाव कमी झालं, जमीन जागेवरच. काउंट ० झाला तरी एखाद्या चालू प्रोग्रामने फाईल उघडी ठेवली असेल, तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ब्लॉक सोडत नाही.

नेमकं इथेच लोक फसतात. डिस्क भरली म्हणून ३० जीबीची लॉग फाईल उडवली. फाइलींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या डीयू कमांडचा आकडा ३० जीबीने उतरला, पण डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ १०० टक्क्यांवरच. दोघी खरं बोलतात. डीयू नावांमागे फिरून बेरीज करते, डीएफ फाईल सिस्टीमला मोकळे ब्लॉक विचारते. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून, उघड्या फाइलींची यादी देणारी ‘एलएसओएफ +एल१’ चालवली, की निनावी झालेल्या पण उघड्या फाइली दिसतात. फाईल उघडी धरून बसलेला प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा सुटते. आरएमऐवजी, फाईल ठेवून तिला रिकामी करणारी ‘ट्रंकेट -एस ०’ वापरली असती तर रीस्टार्टही लागला नसता. अट एवढीच, की प्रोग्रामने फाईल अपेंड मोडमध्ये (नेहमी शेवटी जोडत जाण्याच्या पद्धतीत) उघडलेली हवी. नाहीतर तो जुन्याच ऑफसेटवर (फाईलमधल्या जागेवर) लिहीत राहतो, फाईलच्या सुरुवातीला भोक पडतं आणि एलएस पुन्हा ३० जीबी दाखवते, डिस्कवर तेवढं काही नसताना.

सुटलेल्या ब्लॉकांतला मजकूरही लगेच जातोच असं नाही. त्यावर ‘३५ वेळा ओव्हरराइट करा’ हा तोडगा अजून सांगितला जातो. संगणक-सुरक्षा संशोधक पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातले ते ३५ फेरे वेगवेगळ्या जुन्या एन्कोडिंगच्या (डेटा नोंदवण्याच्या पद्धतींच्या) डिस्कांसाठी मिळून होते; कुठल्याही एका डिस्कला ते सगळे लागत नाहीत. लोक याचा भूत उतरवण्याच्या मंत्रासारखा वापर करतात, असं पुढे खुद्द गटमन यांनीच लिहिलं.

‘फाईल रीड-ओन्ली होती, मग उडाली कशी?’ याचं उत्तरही अनलिंक याच शब्दात आहे. आरएम फाईलमध्ये काही लिहीतच नाही, डिरेक्टरीतली एक ओळ खोडते. त्यामुळे परवानगी लागते ती डिरेक्टरीत शिरण्याची आणि लिहिण्याची. मधे आरएम ‘खरंच काढू?’ असं विचारते ते तिच्या पदरचं सौजन्य. कर्नलचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ‘-एफ’ दिलं की तेही संपतं.