अभ्यास घेणं आणि शिकण्यात सोबत असणं

जून लागला की ज्युनिअर केजीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: 'आम्ही रोज तासभर बसवतो हो तिला.' खाली चार अंगठे पडतात आणि कोणीतरी 'पॅरेंट इन्व्हॉल्व्हमेंट इज मस्ट' असं लिहून ठराव पास करून टाकतं. शाळाही पालकसभेची सुरुवात याच शब्दांनी करते, आणि सभा संपताना हातात जो कागद ठेवते त्यावर असतं: वन टू हंड्रेड पाठ, स्मॉल लेटर्स गिरवणे, सोमवारी येलो डे. मागितला सहभाग, लावलं अभ्यास घ्यायला. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा अभ्यास घेणं वेगळं आणि त्याच्या शिकण्यात सोबत असणं वेगळं. ही गल्लत वाचून वाचून वीट आलाय, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी मांडते.

अभ्यास घेणं म्हणजे काय हे मराठी घरात समजावून सांगायला नको. आपला सगळ्यांचा घेतला गेलेला आहे. दिवेलागणीनंतर पाढे, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि 'परवा तर येत होतं, आज काय झालं?' हा प्रश्न. मोठ्या इयत्तांत त्याचा उपयोगही असतो. चौथीतल्या मुलाला पाढे पाठ असावेत, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

किरकोळ फरक चटकन सांगून टाकते. अभ्यास घ्यायला ठरलेली वेळ लागते, सोबत दिवसभरात कुठेही होते. अभ्यास बहुतेक घरांत आईच घेते, सोबत आजोबाही करू शकतात आणि बाबांनाही त्यातून सूट नाही. अभ्यासाला वर्कबुक, फ्लॅशकार्ड, अ‍ॅप असा खर्च असतो, सोबत फुकट. एवढंच. या फरकांवर कोणी अडत नाही.

अडतात ते पुढच्या फरकावर. बहुतेकांना वाटतं की वही-पेन्सिल घेऊन बसवलं तर तो अभ्यास आणि खेळत, कामं करत शिकवलं तर ती सोबत. 'आम्ही नाही हो बसवत, आम्ही सगळं खेळातूनच घेतो,' असं अभिमानाने सांगणारे पालक याच समजुतीत असतात. पण वही आणि खेळ यांच्यात ही सीमारेषा नाहीच.

मटार सोलायला बसलेल्या दोन घरांत डोकावू. पहिल्या घरात आई चार वर्षांच्या लेकीला विचारते, 'हा कुठला कलर? ग्रीन. से ग्रीन. आता काउंट कर. फाइव्ह नंतर काय? पी फॉर काय?' लेक दोन उत्तरं देते, तिसऱ्याला शेंग टाकून पळून जाते. दुसऱ्या घरात आई एक शेंग हातात धरून म्हणते, 'यात किती दाणे असतील गं?' लेक म्हणते, 'दहा!' शेंग फोडतात, निघतात सात. 'बरं, आणि या बारकीत?' आता लेक दोन्ही शेंगा शेजारी धरून बघते, विचार करते आणि म्हणते, 'चार.' निघतात पाच. पुढची शेंग ती स्वतःच उचलते.

काम तेच, मटार तेच, मोजणंही दोन्हीकडे झालं. पण पहिल्या आईकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच होतं आणि मुलीनं त्याच्याशी जुळवून दाखवायचं होतं. दुसऱ्या घरात उत्तर शेंगेत होतं. आईलाही ते माहीत नव्हतं, आणि चूक निघाली तेव्हा ती शेंगेनं दाखवली. पहिली मटारवर घेतलेली तोंडी परीक्षा झाली, दुसरी सोबत. म्हणून माझी कसोटी सोपी आहे: विचार करायचं काम कोणाकडे आहे आणि उत्तर कोणाच्या खिशात आहे? ते आपल्या खिशात असेल आणि मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून ते ओळखत असेल, तर तो अभ्यासच, मग समोर खेळणी असोत नाहीतर चिखल.

हीच कसोटी वहीलाही लागते. आजीच्या वाढदिवसाचं कार्ड करायचंय म्हणून पाच वर्षांचा मुलगा विचारतो, 'आजीतला जी कसा काढायचा?' बाबा शेजारच्या कागदावर काढून दाखवतात. तो बघून काढतो, वेलांटी भलतीकडे जाते, कार्ड तसंच आजीकडे पोचतं. पेन्सिल आहे, कागद आहे, अक्षर आहे, आणि तरी ही सोबत आहे. तोच 'जी' चार ओळी गिरवायला लावला आणि वेलांटी खोडून पुन्हा काढून घेतली की अभ्यास.

हा फरक निव्वळ हळवेपणाचा नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक दोन गटांत विभागले. दोन्ही गट मुलांना चित्रांची पुस्तकं जवळपास सारख्याच वेळा वाचून दाखवत होते. एका गटाला मात्र वाचण्याची रीत बदलायला सांगितली: 'हे काय आहे?' कमी विचारा, 'इथे काय चाललंय?' जास्त विचारा, मूल बोललं की त्याच्याच वाक्यात भर घालून पुढे न्या, हळूहळू गोष्ट त्यालाच सांगू द्या. महिनाभरात या गटातली मुलं भाषेच्या चाचण्यांमध्ये पुढे गेली. 'आम्ही रोज वाचून दाखवतो' एवढं सांगणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा, कारण वाचन दोन्ही घरांत होतंच.

अभ्यास घेण्यातली आणखी एक अडचण म्हणजे मुलाला काय कळलंय हे त्यातून कळतच नाही. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला टेबलावरचे सहा चमचे मोजायला सांगा. तो एक ते सहा बरोबर मोजेल. लगेच विचारा, 'मग किती आहेत?' काही मुलं पुन्हा एकपासून मोजायला लागतात. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्या चमच्यांची संख्या, ही कल्पना त्यांच्यात अजून रुजलेली नसते. या वयात ते अगदी स्वाभाविक आहे. आकड्यांचा क्रम पाठ होणं आणि संख्या कळणं यांच्यात बऱ्याच महिन्यांचं अंतर असतं. अभ्यास घेणारा शंभर ऐकून खूश होतो आणि बाईंना सांगतो, 'नंबर्स झालेत.' सोबत करणाऱ्यानं पानं मांडताना 'चार वाट्या आण रे' म्हटलेलं असतं आणि मुलानं ओंजळभर वाट्या आणलेल्या बघितलेल्या असतात. त्याला नेमकं माहीत असतं की पोरगं कुठे आहे.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. चार वर्षांच्या मुलाची पेन्सिलची पकड अजून बसत असते, मनगटातली सगळी हाडंही तयार झालेली नसतात. गिरवून घेण्याऐवजी कणीक मळू द्या, चिमटीनं रांगोळी सोडू द्या, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावू द्या. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि पूर्वप्राथमिकला दप्तरही नको, असं स्पष्ट म्हटलं आहे. नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, ही मुलांवरचं शिक्षणाचं ओझं कमी करण्यासाठी नेमलेल्या यशपाल समितीची शिफारस तर १९९३ मधली. आपल्याकडे त्या मुलाखतीला 'इंटरॅक्शन' असं गोंडस नाव देऊन काम भागवतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: 'हे सगळं शिकलेल्या, मोकळा वेळ असलेल्या घरांचं आहे. साध्या माणसाला निदान अभ्यास तरी घेऊ द्या.' खरं तर उलट आहे. अभ्यास घ्यायला अक्षरओळख लागते, इंग्रजी माध्यम असेल तर इंग्रजीही लागतं. सोबत करायला दोन्ही लागत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग डहाणूजवळ कोसबाडला जे काम उभं केलं, ते आईवडिलांनी शाळेची पायरी न चढलेल्या मुलांसोबत. मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. पानं, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य. मुलाच्या भोवतीचं जगणं तोडून शिक्षण करायचं नाही, हा त्यातला आग्रह होता. अलीकडे २०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान झालं, तेव्हा गावोगाव माता-पालक गट केले आणि घरातल्या वस्तू घेऊन मुलांकडून काय करून घेता येईल हे आयांना दाखवलं. निवडायचे तांदूळ, मोजायच्या भाकऱ्या, घडी घालायचे कपडे. स्वतः फारसं न शिकलेल्या बाईलाही हे जमतं, आणि बऱ्याचदा शिकलेल्या आईपेक्षा बरं जमतं, कारण 'से ग्रीन' म्हणायची सवय तिला नसते.

भाषेवरून आठवलं. घरात सगळे मराठी बोलतात आणि मुलाशी मात्र 'बेटा, हँड वॉश कर, मग मिल्क फिनिश कर'. याला सहभाग समजणं मला अजिबात मान्य नाही. ज्या भाषेत आईचेच शब्द तोकडे पडतात, त्या भाषेत मुलाच्या वाट्याला फक्त आज्ञा आणि नामं येतात. 'का', 'कसं', 'मग काय झालं' हे सगळं गळतं आणि आपोआप अभ्यासच उरतो. इंग्रजी शाळा खुशाल निवडा, पण घरी गप्पा आपल्या भाषेत मारा.

आता शाळेच्या कार्यक्रमांबद्दल, कारण 'सहभाग' म्हटलं की निम्म्या पालकांच्या डोळ्यांपुढे गॅदरिंगच येतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉइस एप्स्टाइन यांनी पालक-सहभागाचे जे सहा प्रकार मांडले, त्यात शाळेत मदतीला जाणं आणि घरी शिकायला हातभार लावणं हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. आषाढीच्या दिंडीला पोराला विठोबा करून पाठवणं, स्टॉल लावणं, सहलीला सोबत जाणं ही शाळेला केलेली मदत आहे. जरूर करा, मजा असते. फक्त तिची पावती मुलाच्या शिकण्याच्या खात्यावर जमा करू नका.

आणि प्रोजेक्ट! ज्युनिअर केजीतल्या मुलाच्या नावावर आलेला तीन मजली किल्ला, ज्याला मुलानं हातही लावलेला नाही, ही ना शाळेला मदत, ना मुलाला सोबत, ना धड अभ्यास. स्टेशनरीच्या दुकानात तो तयारच मिळतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी केजीच्या प्रदर्शनातला थर्माकोल काही हटत नाही. याला पालकांइतक्याच शाळाही जबाबदार आहेत. सुबक प्रोजेक्टला स्टार मिळतो आणि मुलानं स्वतः चिकटवलेला, डिंकाचे ओघळ असलेला कागद मागच्या रांगेत जातो, तेव्हा शाळा मार्क आईला देत असते. डिंकाचे ओघळ तसेच ठेवून पाठवा. चार घरांनी असं केलं तरी बाईंना प्रोजेक्टचा फेरविचार करावा लागेल.

पुढच्या ओपन हाऊसला 'मागे तर नाही ना पडली?' हे विचारू नका. त्यावर बाई प्रगतिपत्रकातले रकाने बघून उत्तर देतात आणि तुम्ही घरी येऊन रकाने भरायला बसता. त्याऐवजी विचारा: ती वर्गात कोणाशी खेळते, कुठल्या कामात रमते, अडली की काय करते. ज्या बाईंना वर्गातलं प्रत्येक मूल ठाऊक आहे, त्या यावर पाच मिनिटं भरभरून बोलतील. ज्या वहीच उघडून दाखवतील, त्यांच्या शाळेनं सहभाग म्हणजे काय मानलंय हे तुम्हाला तिथेच कळेल.