‘कारण’ आणि ‘म्हणून’: एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांचे लेखन

मनातले लिहून काढले की रोगप्रतिकारशक्ती वाढते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. त्यासाठी न्यूझीलंडमधील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा दाखला दिला जातो. त्यात चार दिवस रोज अर्धा तास भावनिक विषयावर लिहिणाऱ्या एचआयव्हीबाधितांच्या रक्तातील सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी, वाढलेल्या दिसल्या, हे खरे. पण सहभागी होते अवघे ३७. एवढ्या बळावर वही-पेनाला औषध ठरवणे अशास्त्रीय आहे आणि धोक्याचेही, कारण विषाणूला आवर घालतात त्या एआरटीच्या (एचआयव्हीविरोधी उपचाराच्या) गोळ्या, आणि त्या न चुकता घ्याव्याच लागतात.

लेखनाचा उपयोग दिसतो तो मनाच्या जखमेवर. २०१३ मध्ये अमेरिकी संशोधक गेल आयर्न्सन आणि सहकाऱ्यांनी २४४ एचआयव्हीबाधित स्त्री-पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी आयुष्यातील आघाताविषयी, तर उरलेल्यांनी रोजच्या घडामोडींविषयी प्रत्येकी अर्ध्या तासाची चार सत्रे लिहिले. आघाताविषयी लिहिणाऱ्या स्त्रियांमध्ये आघातोत्तर ताण, नैराश्य आणि आजाराशी निगडित शारीरिक तक्रारी कमी झाल्या. पुरुषांमध्ये असा फायदा आढळला नाही.

हे घडते कसे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासह १९८६ मध्ये आघाताविषयी लिहिण्याच्या या पद्धतीचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा तर्क असा होता की दुःख दडपून ठेवण्याचाच शरीरावर ताण पडतो आणि लिहिल्याने तो उतरतो. पुढे त्यांनी सहभागींच्या लेखनातील शब्द संगणकाने मोजले, तेव्हा अधिक सुंदर गोष्ट हाती लागली. ज्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कार्यकारण आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांची प्रकृती अधिक सुधारली. समजा, पहिल्या दिवशी एखादी स्त्री लिहिते, “अहवाल हातात आला. सगळे संपले. माझेच चुकले.” चौथ्या दिवशी तीच लिहिते, “मी स्वतःला दोष देत होते, कारण तो दुसऱ्या कोणाला देण्याची मला भीती वाटत होती. हे आता लक्षात येते.” सुटे, टोचणारे तुकडे ‘कारण’ने जोडले गेले की त्यांची हकिगत होते, आणि हकिगतीला आधी-नंतर असते. भावना ओतणे पुरेसे नसते. चारही दिवस तेच वाक्य गिरवले, तर ती जुळणी होत नाही.

स्त्रियांनाच फायदा का झाला असावा? मला वाटते, निदानासोबत येणारा ठपका बहुधा त्यांच्याच माथी मारला जातो आणि तो बोलून दाखवायला सुरक्षित जागा त्यांना क्वचितच मिळते.

लिहिल्यानंतर लगेच मन हलके होईलच असे नाही. काही वेळ ते अधिकच जड होते. आठवण असह्य झाली, तर तिथेच थांबावे आणि समुपदेशकाशी बोलावे. कागद कोणाला दाखवण्याची सक्ती नाही. तो घरात कोणाच्या हाती पडण्याची भीती असेल, तर फाडून टाकावा. शब्दांची जुळणी लिहितानाच झालेली असते.