फ्रेम्स चाटून साफ करायचं काम माश्यांकडे कसं आलं

एप्रिल-मे मध्ये जांभळाचा मध काढून झाला की आमच्याकडे दरवर्षी तोच प्रश्न, या चिकट फ्रेम्सचं, म्हणजे पेटीतल्या पोळं बांधलेल्या लाकडी चौकटींचं, करायचं काय. येऊरच्या पायथ्याशी मित्राच्या आवारात सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) चार पेट्या आहेत, मध काढायचं यंत्र माझ्या घरी ठाण्यात, आणि हँडल कितीही गरागरा फिरवा, पोळ्याच्या घरांत मधाचा ओला थर राहतोच. तसंच ठेवलं तर मुंग्या, मग तो मध हवेतलं पाणी ओढून आंबतो आणि मेणकिडा लागला की पोळ्याचं जाळं झालंच समजा.

मुळात 160-170 वर्षांपूर्वी ही भानगडच नव्हती. पोळं कापायचं, फडक्यातून पिळायचं, चोथ्याचं मेण करायचं, विषय संपला. आग्या मोहोळ तर अजूनही असंच उतरवतात, पिल्लांसकट. परत द्यायला काही उरतच नाही तर साफ काय करणार?

1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं की साधारण एक सेंटीमीटरपेक्षा थोडी कमी फट ठेवली तर माश्या ती मेणानेही भरत नाहीत आणि झाडांच्या चिकानेही बुजवत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्यावरून सुट्या निघणाऱ्या फ्रेमची पेटी आली, पेटंट 1852 चं. 1857 मध्ये जर्मनीत मेहरिंगने मेणपत्रा काढला, म्हणजे ज्यावर माश्या पोळं बांधतात तो घरांचे ठसे असलेला मेणाचा पातळ पत्रा. आणि 1865 मध्ये ह्रुश्का या निवृत्त ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने गोल फिरवून मध बाहेर फेकणारं यंत्र दाखवलं (पोराने मधाच्या पोळ्याची टोपली गरगर फिरवली त्यावरून सुचलं असं सांगतात, खरंखोटं देव जाणे). आपल्या सातेरीला मात्र विलायती पेटी मोठी पडते, तिच्या मापाची छोटी पेटी दक्षिणेत फादर न्यूटन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बनवली, आणि 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

यंत्र आल्यावर पोळं अख्खं परत मिळायला लागलं आणि त्याची खरी किंमत कळली. एक किलो मेण बनवायला माश्या सहा ते आठ किलो मध खातात असा साधारण हिशोब आहे, म्हणजे बांधलेलं पोळं जपलं तर तेवढा मध वाचला. मग ओल्या फ्रेम्स धुवायच्या कशाला, ज्यांचा मध त्यांनाच परत द्या, त्या चाटूनपुसून कोरड्या करून देतात.

पण द्यायच्या कशा, यात सगळी गंमत आहे. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून फ्रेम्स सरळ गच्चीवर मांडल्या. वीसेक मिनिटांत अशी झुंबड उडाली की बाजूच्या टॉवरवरच्या आग्या पण आल्या, वॉचमनने गच्चीचं दार लावून घेतलं आणि संध्याकाळी पाहतो तर फ्रेमखाली मेणाचा भुसा पडलेला, घरांच्या कडा कुरतडलेल्या. खाणं अगदी जवळ असलं की माशी पोळ्यात गोल नाच करते, त्यात दिशा नसते, फक्त "जवळच आहे, चला" एवढंच, म्हणून सगळ्या सैरावैरा शोधत सुटतात. उघड्यावर मध मिळायची सवय लागली की मग कमजोर पेटीची पण लुटालूट होते. वर रोगाची भीती आहेच, अमेरिकन फाउलब्रूड या पिल्लांच्या रोगाचे बीजाणू तर अनेक दशकं जिवंत राहतात आणि उष्ट्या मधातून या पेटीतून त्या पेटीत जातात. म्हणून ज्या पेटीची फ्रेम त्याच पेटीला, आम्ही आता खडूने नंबर टाकतो.

जुने मधपाळ पेटीवर भोकाचं आतलं झाकण ठेवून त्याच्या वर ओली कोठी (मधाच्या फ्रेम्सचा खण) ठेवतात. वरचा भाग आपल्या घराबाहेरचा आहे असं वाटून माश्या तिथला मध उचलून खाली पिल्लांजवळ नेतात. फुलोरा जोरात असताना मात्र हे जमत नाही, साफ करायचं सोडून त्याच घरांत नवा मध भरत बसतात. वेळ दिवेलागणीची, म्हणजे गडबड झाली तरी रात्रीत शांत होते, दार एका माशीपुरतं बारीक, वरच्या फटींना चिकटपट्टी आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. दोन दिवसांनी कोठी उचलली तर हलकी लागते आणि फ्रेमवर बोट फिरवलं तर चिकटत नाही.