गर्भ ‘समाप्त’ करणं म्हणजे नेमकं काय? आठवड्यांच्या वादामागची पार्श्वभूमी

भारतात १९७१ पासून गर्भपात कायदेशीर आहे, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गर्भपात घडवून आणणं हा १८६० च्या दंडसंहितेत कलम ३१२ खाली गुन्हा होता आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली आजही आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल जाणवू लागली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात येते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भसमापन कायद्याने एवढंच केलं, की अटी पाळणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला या कलमातून सोडवलं. संरक्षण मिळालं ते डॉक्टरला. बाईच्या वाट्याला आला तो त्या संरक्षणाचा आडोसा. हा आडोसा गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यापर्यंत, यावर वाद चालू असतो.

त्याआधीचा इतिहास मोठा आहे. पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं ते दिवस गेलेल्या विधवांसाठी. पण आजच्या कायद्याचं मूळ १९६४ मध्ये नेमलेल्या समितीत आहे. महाराष्ट्राच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला. चोरून केलेल्या गर्भपातात जंतुसंसर्गाने बायका मरत होत्या, हे त्यामागचं एक कारण. कुटुंबनियोजनाची धोरणात्मक निकड हे दुसरं, आणि ते कायद्याच्या शब्दांत उमटलं: गर्भनिरोधक साधन फसलं म्हणून गर्भपात हवा असेल, तर ती सवलत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांनाच. १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, १२ ते २० मध्ये दोघांचं. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती तिच्या एकटीची. नवऱ्याची सही कायद्याने कधीच मागितली नाही, तरी अनेक रुग्णालयांच्या छापील अर्जात ती जागा असतेच.

कागदपत्रांची रचना मात्र विचार करून केलेली आहे. स्त्रीची संमती ‘सी’ नमुन्यात घ्यायची, डॉक्टरांचं मत वेगळ्या नमुन्यात लिहायचं, दोन्ही कागद लिफाफ्यात घालून तो मोहरबंद करायचा, वर ‘गोपनीय’ लिहायचं. रजिस्टरमधला अनुक्रमांक त्या वर्षापुरता, नव्या वर्षी पुन्हा एकपासून. इतर कागदांवर नावाऐवजी हाच क्रमांक चालतो. रजिस्टर पाच वर्षं जपायचं. घोळ होतो तो इथेच: केसपेपरवर आणि सोनोग्राफीच्या नोंदीत पूर्ण नाव राहून जातं, मग लिफाफ्याला अर्थ उरत नाही.

आता आठवड्यांकडे. ते मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून; म्हणजे पाळी चुकते त्या दिवशीच हिशेबात साधारण चार आठवडे झालेले असतात. १९७१ मध्ये सोनोग्राफी सर्रास नव्हती. पाळीची तारीख विचारायची आणि पोटावर हात ठेवून गर्भाशयाची उंची पाहायची. नाभीशी लागलं की वीस. आज सोनोग्राफी आहे, पण पहिल्या तिमाहीत तिचा अंदाज पाच-सात दिवसांनी चुकू शकतो आणि विसाव्या आठवड्यानंतर दहा-चौदा दिवसांनी. २३ आठवडे ५ दिवस आणि २४ आठवडे २ दिवस यांत वैद्यकाला फरक सांगता येत नाही. कायद्याला सांगावा लागतो.

जुनी २० ची मर्यादा अडचणीत आली ती तपासणीच्या वेळापत्रकामुळे. गर्भातलं व्यंग पाहणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते. त्यात शंका आली तर गर्भजल काढायचं, पेशी वाढवायच्या, अहवालाला दोन-तीन आठवडे. निदान हाती येईपर्यंत दार बंद. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याने गर्भाच्या हृदयातल्या दोषामुळे उच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने परवानगी नाकारली, पुढे काही दिवसांत त्या बाईचा गर्भ आपोआप पडला. त्यानंतर अशा याचिकांची रांग लागली.

याच काळात महाराष्ट्रात वाद दुसऱ्या वळणावर गेला होता. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा इथला, १९८८ चा. केंद्राचा १९९४ चा. तरी राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भिंतीभिंतीवर रंगला. गुन्हा लिंग निवडण्याचा असताना ‘हत्या’ म्हटल्याने संशय सगळ्याच गर्भपातांवर आला. ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा, असं स्त्री-संघटना सांगत राहिल्या. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातलं बेकायदा गर्भलिंगनिवडीचं प्रकरण गाजल्यावर औषध दुकानांची झडती सुरू झाली आणि अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. हा निव्वळ उफराटा न्याय. त्या पाकिटात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टोलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार, आणि मान्यता नऊ आठवड्यांपर्यंतच. सोनोग्राफीत लिंग भरवशाने कळायला बारा-तेरा आठवडे उलटावे लागतात.

१९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर पुरेसा ठरवला. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर, तेही नियमांत नेमलेल्या गटांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या आणि असेच काही. गंभीर व्यंग असेल तर मर्यादा नाही, पण वैद्यकीय मंडळाचा, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या गटाचा, होकार हवा. मंडळाने मत तीन दिवसांत द्यायचं. ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांची वाट मोकळी केली, आणि या कायद्यापुरता बलात्कारात नवऱ्याने केलेला बलात्कारही धरला.

दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ‘गर्भसमापन’ या शब्दाची व्याख्या. गर्भावस्था संपवण्यासाठी औषधांनी किंवा शस्त्रक्रियेने केलेली प्रक्रिया, एवढीच. यात गर्भाचं काय व्हायचं हे नाही. बाराव्या आठवड्यात प्रश्नच येत नाही. नळीने गर्भाशय रिकामं केलं की झालं. सव्विसाव्यात मात्र गर्भ बाहेर काढायचा तर कळाच आणाव्या लागतात, म्हणजे ती अपुऱ्या दिवसांची प्रसूती. बाळ आठशे ग्रॅम ते किलोभर, आणि श्वास घेत जन्मू शकतं. ते टाळायचं तर आधी सोनोग्राफीत पाहत सुई गर्भाच्या हृदयापर्यंत न्यायची आणि पोटॅशियम क्लोराइड सोडून ते थांबवायचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार चालू, अंगावर पाजत असल्याने पाळी नाही, म्हणून गरोदरपण उशिरा कळलं. जवळपास २६ आठवडे. ९ तारखेला दोन न्यायाधीशांनी परवानगी दिली. लगोलग तिला तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळातल्या एका डॉक्टरचा ईमेल आला: गर्भ जगू शकतो, हृदय थांबवायचं का ते स्पष्ट सांगा, न थांबवल्यास जन्मणाऱ्या बाळाला कायमचं व्यंग राहू शकतं. ११ तारखेला त्याच दोन न्यायाधीशांचं एकमत तुटलं. १६ तारखेला तीन न्यायाधीशांनी परवानगी नाकारली. २४ आठवडे उलटले, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, गर्भात व्यंग नाही, आणि हृदय थांबवण्याचा आदेश देण्याची न्यायालयाची तयारी नव्हती. प्रसूतीचा खर्च सरकारने करावा, बाळ दत्तक द्यायचं का ते आईबापांनी ठरवावं.

ईमेल उशिरा आल्याबद्दल नाराजी झाली, पण प्रश्न चुकीचा नव्हता. तो मंडळाच्या पहिल्या अहवालातच यायला हवा होता. डॉक्टरला कायदा ‘समापन’ सांगतो, सुई मारायची की नाही हे सांगत नाही. आणि कलम ८८ त्याच्या मागे उभं असतं.

एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या बलात्कारपीडित मुलीबाबत उच्च न्यायालयाने नकार दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या मंडळाकडून तपासणी करवली, कारण पहिल्या अहवालात मुलीच्या मनःस्थितीचा विचारच नव्हता. २२ तारखेला परवानगी मिळाली तेव्हा सुमारे तीस आठवडे झाले होते. मुलीच्या प्रकृतीच्या काळजीने आईवडिलांनी विचार बदलला आणि २९ तारखेला आदेश मागे घेतला गेला. त्याच निकालात मंडळांना सांगितलं गेलं, की फक्त आठवडे आणि व्यंग पाहून थांबू नका, गरोदर व्यक्तीच्या शरीर-मनावर काय परिणाम होईल तेही अहवालात लिहा.