थेट दूरचित्रवाणी नाटक

थेट दूरचित्रवाणी नाटक : नट स्टुडिओत भूमिका करीत असतानाच त्याच क्षणी घरोघरच्या पडद्यांवर दिसणारे नाटक. रंगमंचावरील प्रयोगाचे प्रक्षेपण आणि आधी मुद्रित करून दाखवलेली नाटके येथे विचारात घेतलेली नाहीत. अमेरिका व ब्रिटन या देशांत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत हा प्रकार भरास आला.

प्रारंभ : पहिले दूरचित्रवाणी नाटक कोणते, याबद्दल दोन मते आहेत. अमेरिकी ग्रंथांत हा मान जे. हार्टली मॅनर्स यांच्या ‘द क्वीन्स मेसेंजर’ या एकांकिकेला दिला जातो. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथून जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ती ११ सप्टेंबर १९२८ रोजी प्रक्षेपित केली. चित्र ज्या रेषांनी बनते त्या चित्ररेषांची संख्या बहुधा २४ होती. काही ठिकाणी ४८ हा आकडाही आढळतो. इतक्या थोड्या रेषांत माणूस पूर्ण मावत नसे. त्यामुळे तीन कॅमेऱ्यांपैकी दोन दोघा नटांच्या चेहऱ्यांवर रोखलेले होते, तर तिसरा केवळ हातांसाठी होता आणि त्यापुढे पेला, पिस्तूल वगैरे हाताळायला आणखी दोन नट होते. म्हणजे दोन पात्रांच्या एकांकिकेला चार नट लागले. दिग्दर्शक मॉर्टिमर स्टुअर्ट एका छोट्या पेटीवरच्या कळांनी एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जात असे. पुढे रूढ झालेल्या दृश्य-निवडीच्या पद्धतीचे हे बीजरूप म्हणता येईल.

ब्रिटिश लेखक १४ जुलै १९३० ही तारीख पुढे करतात. त्या दिवशी दूरचित्रवाणीचे संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांची कंपनी व बीबीसी यांनी लंडनच्या लाँग एकर भागातील स्टुडिओतून इटालियन नाटककार पिरांदेल्लो यांचे ‘द मॅन विथ द फ्लॉवर इन हिज माउथ’ दाखवले. निर्माता लान्स सीव्हकिंग, चित्ररेषा ३०. एका वेळी एकच नट यंत्रासमोर बसू शके; नट बदलताना चौकटीचौकटीचा फळा आडवा सरकवीत. या प्रयोगाचे मूळ मुद्रण नाही. आज जे दाखवले जाते ते १९६७ मध्ये जुन्या पद्धतीने पुन्हा घडवून आणलेले रूप असून तेच मूळ समजण्याची चूक वारंवार होते. स्केनेक्टडीचा प्रयोग मुख्यतः तंत्रज्ञ आणि पत्रकारांपुरता होता, हा ब्रिटिश पक्षाचा आक्षेप खरा आहे. पण १९३० चा प्रेक्षकही मूठभरच होता. कालक्रम पाहता १९२८ हे वर्ष मान्य करून लंडनच्या प्रयोगाला ब्रिटनमधील पहिला म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

नियमित नाटके मात्र बीबीसीची सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाल्यावरच शक्य झाली. युद्धकाळात ही सेवा बंद होती.

प्रयोगपद्धती : नेपथ्याचे अनेक संच एकाच स्टुडिओत शेजारीशेजारी उभारत. एका संचात संवाद चालू असताना दुसरा कॅमेरा जाडजूड केबल ओढत पुढच्या संचाकडे सरकत असे, आणि नट वाटेतच कोट बदलत. दृश्य फसले तर पुन्हा घेण्याची सोय नव्हती. याचे टोकाचे उदाहरण ३० नोव्हेंबर १९५८ रोजी मँचेस्टरहून दाखवलेल्या ‘अंडरग्राउंड’ या नाटकात घडले. गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावला. दिग्दर्शक टेड कॉचेफ यांनी त्याचे संवाद इतरांत वाटून नाटक शेवटास नेले.

‘पुनःप्रक्षेपण’ याचा त्या काळातील अर्थ नटांनी पुन्हा येऊन सगळे नाटक नव्याने करणे असा होता. जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीवरून नायजेल नील यांनी रूपांतरित केलेले आणि रूडॉल्फ कार्टिअर दिग्दर्शित ‘नाइन्टीन एटी-फोर’ १२ डिसेंबर १९५४ ला बीबीसीवर झाले, त्यावर संसदेपर्यंत गदारोळ उठला, तरी १६ डिसेंबरला ते पुन्हा केले गेले. उपलब्ध आहे ती या दुसऱ्या प्रयोगाची प्रत.

अमेरिका : ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ (१९४७), ‘स्टुडिओ वन’ व ‘फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस’ (दोन्ही १९४८) आणि ‘प्लेहाउस ९०’ (१९५६) या प्रमुख मालिका. पडदा लहान असल्याने भव्य देखाव्यांपेक्षा चेहरा आणि संवाद यांना महत्त्व आले, व पॅडी चायेफ्स्की यांच्या ‘मार्टी’सारखी (१९५३) साध्या माणसांची नाटके शोभून दिसली. रॉड सर्लिंग यांचे ‘पॅटर्न्स’ जानेवारी १९५५ मध्ये इतके गाजले की महिन्याभरात त्याच मालिकेत पुन्हा करावे लागले. पैसा प्रायोजकांचा, त्यामुळे धाकही त्यांचाच. रेजिनाल्ड रोज यांच्या ‘थंडर ऑन सिकॅमोर स्ट्रीट’मध्ये (१९५४) गोऱ्या वस्तीत राहायला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या जागी तुरुंगातून सुटलेला माणूस दाखवावा लागला.

जतन व ऱ्हास : मुद्रणाचा एकच उपाय होता : पडद्यावरील चित्राचे फिल्मवर चित्रण, म्हणजे किनेस्कोप. प्रत धूसर येई आणि काम संपले की बहुधा टाकून दिली जाई. रोज यांच्याच ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’च्या (२० सप्टेंबर १९५४) प्रयोगाची संपूर्ण प्रत २००३ मध्ये सापडली, तोवर निम्माच भाग ठाऊक होता. १९५६ मध्ये चुंबकीय चित्रफीत वापरात आली, निर्मिती न्यूयॉर्कहून हॉलिवूडकडे सरकली आणि थेट नाटके मागे पडली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा चित्रफितीचे तंत्र सोळा वर्षांचे होते. रोज यांचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हे ज्यूरीनाट्य आपल्याकडील प्रेक्षकांना बासू चॅटर्जी दिग्दर्शित ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) या हिंदी चित्रपटातून परिचित आहे.